मॅच कोणी जिंकवली? अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहणाऱ्यांसाठी

४ फेब्रुवारी २०१८ ला मिनियापोलिसला झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीने ५०५ यार्डांचे पास पूर्ण केले. सुपर बोलमध्ये तोवर कुणालाच एवढं जमलं नव्हतं. आणि पेट्रियट्स ४१-३३ असे हरले. समोर फिलाडेल्फिया ईगल्सचा निक फोल्स होता, मुळात राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी. डिसेंबरमध्ये कार्सन वेंट्झचा गुडघा गेला म्हणून त्याच्यावर वेळ आली, आणि त्या रात्रीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला मॅच संपल्या संपल्या पहिला प्रश्न पडतो, 'जिंकवली कोणी?' क्रिकेटमध्ये त्याचं उत्तर धावफलकावर बऱ्यापैकी सापडतं, कारण गोलंदाज आणि फलंदाजाची गाठ समोरासमोर पडते. अमेरिकन फुटबॉलमध्ये बावीस जण एकाच वेळी आपापलं काम करत असतात, कॅमेरा मात्र चेंडूमागे धावतो. म्हणून ज्याच्या हातात चेंडू त्याचं नाव होतं. नोकरीनिमित्त न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियात येऊन पडलेल्यांना सोमवारी ऑफिसात हीच चर्चा ऐकू येते: अमक्याने जिंकवली, तमक्याने घालवली. त्यातलं खरं किती, हे स्वतःच्या डोळ्यांनी ताडायचं असेल तर पुढच्या क्रमाने पाहा. जमलं तर रेकॉर्ड केलेली मॅच घ्या, कारण मागे जाऊन पाहण्यातच अर्धी गंमत आहे.

पहिली पायरी: कामापुरते नियम

चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला १० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. एका संधीला डाउन म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा चार डाउन. शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर किक मारून १ गुण मिळवता येतो, किंवा धाडस करून २. खांबांमधून चेंडू मारला की फील्ड गोल, ३ गुण. १५ मिनिटांचे चार क्वार्टर. सुरुवातीला एवढं पुरे, बाकीचं पाहता पाहता कळतं.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. चढाई करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि किकच्या वेळी उतरणारे पुन्हा निराळे. त्यामुळे 'ब्रेडी विरुद्ध मॅहोम्स' हे फक्त जाहिरातीत. दोघे क्वार्टरबॅक एकमेकांसमोर एकदाही उभे राहत नाहीत. एक खेळत असतो तेव्हा दुसरा बाकावर बसून टॅब्लेटवर फोटो बघत असतो.

दुसरी पायरी: चेंडू सोडा, पाच जणांकडे पाहा

ही पायरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फायद्याची. क्वार्टरबॅकच्या पुढ्यात पाच धिप्पाड गडी वाकून उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. सेंटरने चेंडू पायांमधून मागे दिला, म्हणजे स्नॅप झाला, की या पाचांनी समोरून येणारा लोंढा थोपवायचा. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे वळलेली असते, म्हणून डाव्या टॅकलला पूर्वीपासून मोठा भाव.

आता एक करा. स्नॅप झाला की मनात सावकाश एक, दोन, तीन मोजा. तीन म्हणेपर्यंत क्वार्टरबॅक सरळ उभा राहून मैदान न्याहाळत असेल, तर पुढे होणाऱ्या पासचं अर्धं श्रेय त्या पाचांचं. दोनलाच तो पळायला लागला असेल, तर पाच जणांमधला कोणता गडी मागे ढकलला गेला ते मागे जाऊन पाहा. सुरुवातीला नुसता गोंधळ दिसेल. दहा-पंधरा प्लेंनंतर (एका स्नॅपपासूनचा खेळ म्हणजे एक प्ले) नजर बसते.

७ फेब्रुवारी २०२१ ची टॅम्पा बे बकनीअर्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स ही सुपर बोल या अभ्यासाला सगळ्यात उत्तम. चीफ्सकडे पॅट्रिक मॅहोम्स, त्या वेळचा सगळ्यात धोकादायक फेकणारा. पण त्याचे दोन्ही नेहमीचे टॅकल जायबंदी होते. उजवीकडचा मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने कित्येक आठवडे बाहेर, आणि डावीकडच्या एरिक फिशरची टाच आदल्याच मॅचमध्ये गेलेली. त्यांच्या जागी दुसऱ्या जागांवरची माणसं सरकवून लाइन जुळवली होती. निकाल ३१-९. मॅहोम्सच्या चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही, तिन्ही वेळा फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं.

चौथ्या क्वार्टरमधला त्याचा एक पास जरूर शोधून पाहा. तो मागे मागे पळतो, पाय सुटतात, शरीर जमिनीला समांतर होतं, आणि पडता पडता तो चेंडू फेकतो. चेंडू थेट एंड झोनमध्ये, आपल्याच गड्याच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आदळतो आणि खाली पडतो. एकटा माणूस याहून जास्त काय करणार? कागदावर त्याची नोंद 'अपूर्ण पास' एवढीच.

याची उलट बाजू साक्वॉन बार्कली दाखवतो. हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. २०२३ च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सकडून तो ९६२ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी ईगल्सकडे गेला आणि २,००५ यार्ड पळाला. पाय तेच, वय एका वर्षाने वाढलेलं. बदलली ती पुढची लाइन. ईगल्सचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा मूळचा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू, २०१८ मध्ये सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत निवडलेला. उजवीकडे लेन जॉन्सन. यांनी पाडलेल्या खिंडारातून बार्कली समोरच्यांचा हात लागण्याआधीच वेगात आलेला असायचा. बार्कली सामान्य आहे असं म्हणायचं नाही. अडथळ्यावरून पाठमोरी उडी मारणारा गडी सामान्य नसतो. पण जायंट्सकडे असतानाही तो तितकाच असामान्य होता.

तिसरी पायरी: क्वार्टरबॅक, एकमेव अपवाद

अकरा जणांमध्ये एकाचं वजन बाकीच्यांपेक्षा खरोखरच जास्त असतं, आणि तो हाच. जवळपास प्रत्येक प्लेमध्ये चेंडू त्याच्या हातात येतो आणि निर्णयही तोच घेतो. २०१२ च्या हंगामात एड्रियन पीटरसन या रनिंग बॅकने सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी पुरस्कार जिंकला. त्यानंतर २०२४ च्या हंगामापर्यंत दरवर्षी तो क्वार्टरबॅकच्याच पदरात पडला. लाइनमधल्या एकालाही तो आजवर मिळालेला नाही. याला मी अन्यायच म्हणेन, पण तो निराळा विषय.

मग क्वार्टरबॅक म्हणजेच संघ का? याचं उत्तर दोन हंगाम शेजारी ठेवून शोधा. इंडियानापोलिस कोल्ट्स २०१० मध्ये १०-६ होते, म्हणजे दहा मॅच जिंकल्या, सहा हरल्या. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे पेटन मॅनिंग वर्षभर खेळला नाही आणि तोच संघ २-१४ वर आला. हे ऐकून वाटतं, एकटाच गाडा ओढत होता. आता दुसरा. पेट्रियट्स २००७ मध्ये साखळीतल्या सगळ्या १६ मॅच जिंकले होते. २००८ च्या पहिल्याच मॅचमध्ये ब्रेडीचा गुडघा गेला. कॉलेजातही राखीवच राहिलेल्या मॅट कॅसलला उभं करून त्यांनी ११-५ केलं. प्लेऑफ हुकली हे खरं, पण ११ मॅच जिंकल्या.

दोन्हीकडे मोहरा गेला. कोल्ट्सची सगळी बांधणी मॅनिंगच्या डोक्यावर होती. प्ले जागेवर बदलणं, लाइनला सूचना देणं, सगळं तोच करायचा. प्रशिक्षक बिल बेलिचिकच्या पेट्रियट्सकडे बचाव होता, लाइन होती आणि नवख्याला झेपेल अशा छोट्या पासांची आखणी होती. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'हा नसेल तर संघ शून्य' म्हणालं, तर ते त्या खेळाडूच्या मोठेपणाइतकंच संघ बांधणाऱ्यांबद्दलचंही विधान समजा.

पाहायचं काय? स्नॅपच्या आधी तो हातवारे करून काही बदलतो का. पहिला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, अडला तर दुसरा, तिसरा शोधतो का. आणि तिसऱ्या डाउनला, सात-आठ यार्ड हवे असताना, काय करतो. पहिल्या डाउनचे सुखासुखी पास फारसे मनावर घेऊ नका.

इथे पैशाचाही मुद्दा येतो. संघाच्या पगारावर कमाल मर्यादा असते. २०२५ मध्ये ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. डॅलस काउबॉइजने २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार केला. ५३ जणांच्या ताटातला एवढा मोठा घास एकाला वाढला की उरलेल्यांच्या वाट्याला कमी येणार, आणि कमी येतं ते बहुधा लाइनच्या किंवा बचावाच्या.

चौथी पायरी: एक प्ले उलगडून पाहा

एकच प्ले निवडायचा असेल तर १ फेब्रुवारी २०१५ चा. पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. मिनिटभरही उरलेलं नाही. चेंडू सिअ‍ॅटलकडे, टचडाउन एक यार्डावर, दुसरा डाउन. त्यांच्याकडे मार्शॉन लिंच, चार जणांना अंगावर घेऊन पळणारा. सगळ्या जगाला वाटलं चेंडू त्यालाच देणार. सिअ‍ॅटलने पास टाकला आणि माल्कम बटलर नावाच्या पोराने तो गोल लाइनवर हिसकावला. निवड प्रक्रियेत ज्याला एकाही संघाने विचारलं नव्हतं असा हा बचावपटू, पहिल्याच हंगामात. मॅच संपली.

गोष्ट साधारण एवढीच सांगितली जाते: बटलर नायक, पास टाकायला लावणारा प्रशिक्षक पीट कॅरोल खलनायक. आता मागे जाऊन पाहा.

आदल्या प्लेमध्ये लिंच पळाला होता. त्याला एक यार्ड राहिलेला असताना डॉन्टा हायटावरने पायात शिरून पाडलं. हायटावर चुकला असता तर बटलरचं नाव कोणाला कळलं नसतं. त्यानंतर घड्याळ पळत असताना बेलिचिकने टाइमआउट घेतला नाही, सिअ‍ॅटललाच घाई होऊ दिली. त्याच वेळी पेट्रियट्सने तिसरा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, आत पाठवला, तो बटलर.

सिअ‍ॅटलचे दोन रिसीव्हर उजवीकडे एकामागे एक उभे राहिले. पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. बेत असा की कर्सने पुढे घुसून बटलरच्या वाटेत यायचं आणि त्याच्या आडोशाने लॉकेटने आत वळून पास घ्यायचा. सरावात पेट्रियट्सनी हाच प्ले घोटला होता आणि तिथे बटलर फसला होता. आता कर्सच्या समोर उभा होता ब्रँडन ब्राउनर, जो आधी तीन हंगाम सिअ‍ॅटलकडेच होता. स्नॅप होताच त्याने कर्सच्या छातीवर दोन्ही हात रोवले आणि त्याला जागचा हलू दिलं नाही. आडोसाच उरला नाही. बटलरला सरळ रस्ता मिळाला आणि तो लॉकेटच्या आधी चेंडूवर पोचला.

नोंदवहीत काय? इंटरसेप्शन, बटलर, १. ब्राउनरच्या नावापुढे काही नाही.

म्हणून बटलरचं श्रेय कमी होतं का? माझ्या मते नाही. रस्ता मोकळा मिळूनही अर्ध्या सेकंदात ओळखून झेप घेणं त्याचंच होतं, आणि सरावात फसलेल्या प्लेवर पुन्हा विश्वासाने धावणं त्याहून अवघड. पण ब्राउनरशिवाय तो पोचला नसता, हेही तितकंच खरं. त्या मॅचचा एमव्हीपी ब्रेडी ठरला. बक्षिसाचा ट्रक त्याने बटलरला देऊन टाकला, त्याला नेमकं ठाऊक होतं.

पाचवी पायरी: कच्चा दुवा शोधा

एका गड्याने मॅच जिंकवणं दुर्मीळ, पण एका गड्यावरून मॅच जाणं रोजचं. बचाव करणारे पाचांमधला सगळ्यात हळू पायांचा टॅकल हेरतात आणि आपला सगळ्यात जबरा गडी त्याच्यासमोर आणून उभा करतात. २०१६ च्या फेब्रुवारीत डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या व्हॉन मिलरने कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनला असंच छळलं. अडीच सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक), आणि दोनदा हातातला चेंडू उडवला. पहिल्यांदा उडवलेला चेंडू एंड झोनमध्ये सहकाऱ्याने पकडला आणि टचडाउन झाला. न्यूटन त्या हंगामाचा एमव्हीपी होता. डेन्व्हरकडचा पेटन मॅनिंग तेव्हा उतरणीला लागलेला, त्याचे १४१ यार्ड. तरी निकाल २४-१० डेन्व्हरच्या बाजूने.

एकट्याने मॅच फिरवली म्हणावं असं हे दुर्मीळ उदाहरण. तरीसुद्धा मिलर झेपावतो त्या क्षणी कॅमेऱ्याबाहेर काय चाललंय ते पाहा. रिसीव्हरना चिकटून राहणाऱ्या मागच्या फळीमुळे न्यूटनला फेकायला माणूस सापडत नव्हता, म्हणून तो चेंडू धरून बसला, म्हणून मिलर पोचला.

सहावी पायरी: किकरवर खापर फोडू नका

'करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव' हे किकरला तंतोतंत लागू पडतं. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये बफलो बिल्सच्या स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. बिल्स १९-२० हरले आणि त्या माणसाची ओळख आयुष्यभरासाठी तीच झाली. पण न्यूयॉर्क जायंट्सनी त्या मॅचमध्ये ६० पैकी ४० मिनिटांहून अधिक वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला होता. बिल्सची वेगवान चढाई बाकावर बसून राहिली. तो काही नॉरवूडचा दोष नव्हता.

सातवी पायरी: आकडे वाचताना

फेकलेले यार्ड पाहून निष्कर्ष काढू नका. मागे पडलेला संघ फेकतच राहतो, आकडा आपोआप फुगतो. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्व्हिन जॉन्सनने २०१२ मध्ये पास घेऊन १,९६४ यार्ड केले, विक्रम झाला. संघ ४-१२.

त्याऐवजी तीन गोष्टी बघा. चेंडू किती वेळा गमावला. तिसऱ्या डाउनला किती वेळा यश आलं. क्वार्टरबॅक किती वेळा सॅक झाला. सुरुवातीच्या त्या ५०५ यार्डांच्या मॅचमध्ये ब्रेडी फक्त एकदा सॅक झाला, शेवटची सव्वादोन मिनिटं उरली असताना. ब्रँडन ग्रॅहमने त्याच्या हातातला चेंडू उडवला, ईगल्सने उचलला, आणि सगळा विक्रम तिथेच निष्फळ ठरला.

नशीबही हिशेबात धरा. जानेवारी २०२२ मध्ये बफलोचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन चीफ्सविरुद्ध चार टचडाउन पास टाकून १३ सेकंद उरले असताना पुढे होता. मॅहोम्सने दोन पासांत ४४ यार्ड काढले, फील्ड गोलने बरोबरी झाली. जादा वेळेसाठी नाणेफेक चीफ्सनी जिंकली, पहिल्याच चढाईत टचडाउन केला आणि मॅच संपली. अ‍ॅलनला जादा वेळेत चेंडूला हातही लावायला मिळाला नाही. लोक इतके चिडले की प्लेऑफपुरता नियम बदलला. आता दोन्ही संघांना चेंडू मिळतो.

आठवी पायरी: पहिली मॅच कशी पाहायची

हायलाइट्सपासून सुरुवात करू नका. त्यात झेल आणि टचडाउन असतात, लाइन कापलेली असते. पहिल्या क्वार्टरमध्ये फक्त पाच जणांच्या लाइनकडे पाहा. दुसऱ्यात क्वार्टरबॅककडे, तोही तिसऱ्या डाउनला. तिसऱ्यात बचावाचा एकच गडी निवडा आणि चेंडू कुठेही असो, त्याच्यावरची नजर काढू नका. चौथा क्वार्टर मात्र गुमान मॅच म्हणून पाहा, अभ्यास बाजूला ठेवा. पुढे गोडी लागलीच तर बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं उंचावरून केलेलं चित्रण मिळतं, त्याला 'ऑल-२२' म्हणतात. पैसे पडतात, पण ब्राउनरसारखे गडी तिथेच सापडतात.

भारतातून पाहणाऱ्यांना रविवारच्या पहिल्या मॅच रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. अमेरिकेत नवे असाल तर थँक्सगिव्हिंगचा गुरुवार गाठा. त्या दिवशी सुट्टी असते, आणि डेट्रॉइट आणि डॅलस हे दोन संघ दरवर्षी आपापल्या मैदानावर खेळतात. डेट्रॉइटची मॅच दुपारी असते. लाइन पाहायचा सराव तिथून सुरू करा, संध्याकाळी डॅलसच्या मॅचला नजर बरीच बसलेली असेल.